पाचपर्यंत मान

३ मार्च, सोमवार

ही डायरी आमच्या ह्यांना ड्रायव्हिंग स्कूलमधून पास झालेल्या एका बाईंनी दिली होती. दोन महिने कपाटात कोरी पडून होती. आज मला कुणाशी तरी बोलायचंय आणि घरात माझ्याशिवाय दोनच माणसं आहेत. हे ऐकत नाहीत आणि सासूबाई नको तेवढं ऐकतात. म्हणून हा कागद.

आज रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येतात त्या आमच्या खोलीत, एक माणूस जाता जाता राहिला. साठीच्या पुढचा सुतार, हर्नियाचं साधं ऑपरेशन. अकरा वाजता ऑपरेशनच्या खोलीतून, म्हणजे ओटीतून, माझ्याकडे आला तेव्हा डोळे उघडून 'झालं का?' म्हणून विचारलं. दुखतंय म्हणाला, तेव्हा कागदावर लिहिलेलं वेदनेचं इंजेक्शन मी हळूहळू आणि अर्धंच दिलं. दहा मिनिटांनी बघते तर पापण्या अर्ध्यावर, जबडा सैल, आणि बोटाच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मी हाक मारली, जबडा पुढे ओढून धरला, मास्क लावून फुगा दाबायला लागले. भुलेचे डॉक्टर धावत आले. ऑपरेशनसाठी स्नायू सैल करायचं जे इंजेक्शन देतात, त्याचा उतारा त्यांनी पुन्हा दिला, आणि थोड्या वेळात माणूस स्वतःचा श्वास स्वतः घ्यायला लागला.

दुपारपर्यंत निकालही लागला होता. सगळ्या ओटीत एकच कुजबुज, की सिस्टरने वेदनेचं इंजेक्शन जास्त ठोकलं. चौदा वर्षं वॉर्डात घासल्यावर चार महिन्यांपूर्वी मला रिकव्हरी मिळाली. मेट्रननी सांगितलंय, चोवीस तारखेला बैठक, तोवर लेखी खुलासा द्या. खुलासा पटला नाही तर कपड्यांच्या खोलीत बदली, म्हणजे निवृत्तीपर्यंत चादरी मोजत बसायचं.

भुलेचे डॉक्टर काहीच बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना मागून घुम्या म्हणतो. ज्यांचं खातंच भुलेचं, ते आता माझी भूल शोधणार. मी मान खाली घालून घरी आले.

४ मार्च, मंगळवार

शिक्षा सुरू झाली. घुम्यांनी मेट्रनना सांगितलं म्हणे, की आजपासून प्रत्येक पेशंटचे दोन्ही कागद आधी माझ्याकडे यायचे आणि मीच ते फाइलला लावायचे.

आमच्याकडे दोन कागदांची रीत आहे. भुलेच्या डॉक्टरांचा पांढरा आणि सर्जनचा पिवळा. पांढरा ओटीच्या डाव्या ट्रेमध्ये, पिवळा उजव्या ट्रेमध्ये. पांढरा भुलेच्या खात्यात जातो, पिवळा सर्जरीच्या. इतकी वर्षं कुणी एकाने दुसऱ्याचा वाचलेला मी तरी पाहिला नाही. आता हे कारकुनी काम माझ्या गळ्यात. कपड्यांच्या खोलीची सवय आत्तापासूनच करून देताहेत.

६ मार्च, गुरुवार

एक गोष्ट परवापासून डोक्यात टोचतेय. वेदनेचं औषध जास्त झालं की माणूस गुंगतो, झोपतो, श्वास सावकाश होतो, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात. सुताराची बुबुळं चांगली मोठी होती. श्वास सावकाश नव्हता, भराभर आणि तोकडा होता. आणि तो माझ्याकडे बघत होता. अर्ध्या उघड्या पापण्यांतून सगळा वेळ माझ्याकडे बघत होता.

सुताराला घरी सोडायच्या आधी वॉर्डात जाऊन त्याला गाठलं. तो उशीला टेकून पलंगाच्या लाकडी कठड्याचा सांधा तपासत होता. मी विचारलं, तेव्हा झोप येत होती का?

"झोप कसली, सिस्टर? सगळं ऐकू येत होतं. तुम्ही 'श्वास घ्या' म्हणत होता, तेही. घ्यायचा होता हो. पण मान माझी राहिली नव्हती, हातही माझे नव्हते. मी आत अगदी जागा होतो."

मी बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसले. मग मला रडू आलं. इतके दिवस मला माझी बदली दिसत होती, आणि तो माणूस आत जागा राहून बुडत होता.

७ मार्च, शुक्रवार

आता ठरवलंय. जो पेशंट येईल त्याला सांगायचं, 'मान उचला, उशीपासून वर, आणि मी पाच म्हणेपर्यंत ठेवा.' मान पाचपर्यंत टिकली तर स्नायूंत ताकद आली, नाही टिकली तर नजर हलवायची नाही. ही परीक्षा काही मी शोधलेली नाही, नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि नंतर घाईत सगळे विसरतात. मीही विसरले होते.

वहीत तीनच रकाने आखले. वय, ऑपरेशन, मान.

संध्याकाळी घुम्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "किती?" मला वाटलं पेशंट किती. म्हटलं, सहा. ते तसेच उभे. मग लक्षात आलं, वही विचारताहेत. म्हटलं, पाच जणांची मान टिकली, एकाची तिनावर पडली. ते गेले. हेरगिरी करायची तर निदान 'बरं' तरी म्हणावं माणसाने.

११ मार्च, मंगळवार

माझ्या टेबलाच्या खणात एक छोटं यंत्र सापडलं. मनगटाला दोन चकत्या लावायच्या, बटण दाबलं की नसेला चार हलके झटके बसतात आणि अंगठा चार वेळा हलतो. चारही सारखे हलले तर ठीक, चौथा लुळा पडला तर औषध अजून अंगात आहे. सोबत छापील माहितीचा कागद आणि नवी कोरी बॅटरी. कुणीतरी वेंधळेपणाने विसरलेलं दिसतंय. मेट्रनना विचारलं, सगळ्या मैत्रिणींना विचारलं, मालक काही मिळेना. तोवर वापरायला काय हरकत आहे? वहीत चौथा रकाना वाढवला.

मान उचलण्याचे मात्र तऱ्हेतऱ्हेचे नमुने निघतात. एका निवृत्त मास्तरांनी मान वर धरून मलाच दटावलं, की तीन आणि चारच्या मध्ये मी फार वेळ घेते. एका बाईंनी आधी केस सारखे करून मागितले.

संध्याकाळी पुन्हा "किती?"

१३ मार्च, गुरुवार

घरी नवीनच भानगड. सासूबाईंचाही हर्निया. कितीतरी महिने लपवून ठेवला होता आणि आज खोकल्याबरोबर दुखून बाहेर पडला. यांनी लगेच आमच्याच हॉस्पिटलात नेलं. सर्जननी तपासून सव्वीस तारीख दिली. हे सर्जन म्हणजे घुम्यांच्या अगदी उलट, बोलायला लागले की पेशंट आपला आजार विसरतो. हातही सोन्यासारखा. गेल्या दोन महिन्यांपासून त्यांच्या पेशंटना नंतर फारसं दुखतही नाही, त्यामुळे त्यांचं नाव आणखी झालंय.

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. तपासून घरी आल्यावर अट घातली, की डोळे उघडले की समोर सून दिसली पाहिजे, नाहीतर ऑपरेशन नको. मी जरा हरखलेच. लगेच म्हणाल्या, "हुरळू नकोस. माझ्यावर बारीक नजर ठेवायची सवय तुझ्याइतकी कुणाला नाही, म्हणून म्हटलं."

त्यांना काय सांगणार, की सव्वीस तारखेला सून कपड्यांच्या खोलीत असेल?

१५ मार्च, शनिवार

वही उघडून बसले आणि बेरीज केली. सत्तावीस पेशंट. सहा जणांची मान पाचपर्यंत टिकली नाही. पाच जण हर्नियाचे, साठीच्या पुढचे, आणि सगळ्यांची भूल घुम्यांनी दिलेली. म्हणजे घुम्यांचा हात जड आहे का? सैल करणारं इंजेक्शन ते जास्त देतात का? पांढरे कागद काढून पाहिले. मात्रा चोख, वजनाप्रमाणे, उताराही वेळेवर दिलेला. मग?

हे बैठकीत बोलायचं म्हणजे मोठ्या डॉक्टरांवर बोट ठेवायचं. नाही बोलले तर सासूबाई त्यांच्याच हाताखाली जाणार. खरं सांगते, आज मला पळून जावंसं वाटलं. कपड्यांची खोली बरी वाटली.

१६ मार्च, रविवार

रविवारी सकाळी यांचा गाडी शिकवायचा क्लास असतो. दुपारी मान धरूनच आले. नवीन विद्यार्थिनीने गाडी अशी थांबवली, की मागचा स्कूटरवाला आमच्या डिकीवर येऊन टेकला. मी विचारलं, एवढा जोरात ब्रेक मारला तिने?

"तिने कुठे मारला? तिने हलकाच दाबला. मीही माझ्या बाजूचा हलकाच दाबला. शिकवायच्या गाडीत दोन पॅडल असतात ना, पण ब्रेक एकच. दोघांनी आपापल्या परीने थोडंथोडं दाबलं आणि गाडी जागच्या जागी ठप्प. आता ती म्हणते माझी चूक नाही, मीही म्हणतो माझी नाही. आणि खरंच, दोघांचीही नाही."

मी हातातला चहा तसाच ठेवून यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांचं गाडीपुराण मी पहिल्यांदाच मन लावून ऐकलं. त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

१७ मार्च, सोमवार

सकाळी अर्धा तास लवकर गेले. फाइली काढल्या आणि प्रत्येक पेशंटचा पांढरा आणि पिवळा कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. इतकं सोपं होतं ते.

पांढऱ्यावर सैल करणारं इंजेक्शन. पिवळ्यावर, अगदी शेवटच्या ओळीत, सर्जनच्या वळणदार अक्षरात, जखमेच्या सगळ्या थरांत बधिर करणारं इंजेक्शन. मोठ्या सिरिंजा भरून. दोन महिन्यांपासून पेशंटना दुखत नाही ते यामुळेच. टाके घालता घालता ते देतात, आणि नेमक्या त्याच वेळी घुम्या घड्याळ बघून उतारा देत असतात. दोन्ही मात्रा हद्दीत. दोघंही आपापल्या कागदावर बरोबर. पण बधिर करणारं औषध थोडं रक्तात उतरतं आणि स्नायूंवरचा तोच ब्रेक दुसऱ्या पॅडलने दाबतं.

मान न टिकलेल्या हर्नियाच्या पाचही जणांचे पिवळे कागद तसेच. सुताराचाही. तरुण पेशंटना तेवढंच औषध देऊन काही झालेलं नाही, हेही वहीत आहे. सगळ्यांना होत नाही. म्हाताऱ्यांना होतं, फाइलीत किडनी अशक्त लिहिलेल्यांना होतं.

मी एकटीच होते खोलीत. दोन्ही हातांनी टेबल वाजवलं.

नंतर शंका आली, की मी कोण हे म्हणणारी. पण भुलेच्या खात्यातल्या कपाटातलं जाडजूड पुस्तक आज रिकव्हरीच्या टेबलावरच पडलेलं होतं, आणि ज्या पानावर खूण घातली होती तिथे हेच लिहिलंय, दोन औषधं एकमेकांचा जोर वाढवतात. कुणाचं तरी नशीब माझ्यावर सांडलेलं दिसतंय हल्ली.

२१ मार्च, शुक्रवार

एक्केचाळीस पेशंट, नऊ जणांची मान पडली, त्यातल्या आठ जणांच्या पिवळ्या कागदावर तीच शेवटची ओळ. नववी बाई पहिल्यापासूनच अशक्त होती. तेही प्रामाणिकपणे लिहिलं. नऊपैकी कुणालाही सुतारासारखं झालं नाही, कारण मी प्रत्येकाच्या उशाशी बसून राहिले आणि वेळेवर डॉक्टरांना हाक मारली.

घुम्यांनी आज वही हातात घेऊन शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं आता ठेवून घेणार. परत दिली आणि म्हणाले, "तुम्हीच बोला." म्हणजे तोंडघशी पडायचं तर मीच पडायचं. बरं आहे.

२४ मार्च, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

लांब टेबल. मेट्रन, अधीक्षक, सर्जन, शेवटच्या खुर्चीत घुम्या. अधीक्षकांनी मला खुलासा वाचायला सांगितला. मी म्हटलं, खुलासा नाही, वही आहे. आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापत होता. मग सुताराचं बोलणं सांगितलं, 'मी आत जागा होतो', आणि त्यानंतर नाही कापला. एक्केचाळीस ओळी वाचल्या. यांच्या दोन पॅडलचीही गोष्ट सांगितली.

सर्जन हसले. म्हणाले, "सिस्टर, माझं औषध जखमेत राहतं, ते मानेपर्यंत कशाला जाईल? आणि भुलेवाल्यांचं काही बिघडलं की ते आमच्यावरच ढकलतात, ही जुनी गोष्ट आहे. हे तुम्हाला त्यांनीच पढवलेलं दिसतंय."

मी म्हटलं, "सर, त्यांनी मला तीन आठवड्यांत एकच शब्द विचारला. किती. बाकी सगळं मी मोजलंय. मोजताना चूक केली असेल तर दाखवा, मी आजच चादरी मोजायला जाते."

तेव्हा शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. मला तो ओळखूच आला नाही, इतकी सलग वाक्यं त्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

"जखमेतून ते रक्तात जातं. बहुतेकांना काही होत नाही, काहींना होतं. पुस्तकात आहे हे, मीही वाचलेलं आहे. पण पुस्तकात दोन्ही औषधं एका पानावर आहेत आणि आपल्याकडे दोन कागदांवर. मी घड्याळाकडे बघून उतारा दिला, पेशंटच्या अंगठ्याकडे बघितलं नाही. सिस्टरची चूक नव्हती. भूल माझी होती."

मेट्रनना हसू दाबायला खोकल्याचं निमित्त करावं लागलं. बाकी कुणाच्या ती कोटी लक्षात आली नाही.

सर्जननी वही मागून घेतली. एक्केचाळीसही ओळी बोट फिरवत वाचल्या. मग म्हणाले, "माझ्या आठ जणांची मान उचलली गेली नाही आणि मला हे आज कळतंय." खिशातलं पिवळ्या कागदांचं पॅड काढून त्यांनी मेट्रनपुढे सरकवलं. "हे बंद करा. एकच कागद करा, दोघंही त्यावरच लिहू. आणि बधिर करण्याआधी मी मोठ्याने सांगेन, मात्रेसकट."

ठरलं असं. एकच कागद. म्हाताऱ्यांना आणि किडनीच्या पेशंटना बधिर करणारं औषध बेताने. अंगठा चारदा नीट हलल्याशिवाय कुणी ओटीबाहेर यायचं नाही, आणि मान पाचपर्यंत टिकल्याशिवाय रिकव्हरीतून जायचं नाही. कागदाच्या तळाशी नवा रकाना छापायचा. अधीक्षकांनी विचारलं, नाव काय द्यायचं? मी म्हटलं, मान.

घरी येताना मी मोठ्या रस्त्याने आले, चालत, रुबाबात. ओळखीचं कुणी भेटलं नाही याचं वाईट वाटलं.

२६ मार्च, बुधवार

सासूबाईंचा नंबर दुसरा होता. जाताना माझा हात घट्ट धरला आणि वर म्हणाल्या, मला धरू नकोस, हात दुखतोय. दार अर्धवट उघडं होतं. आतून सर्जनचा आवाज आला, औषधाचं नाव आणि मात्रा, ठणठणीत. मग घुम्यांचा, "लिहिलं." त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. ते अंगठ्याकडे बघत असणार. भिंतीला टेकून मी तेवढा वेळ कसा काढला ते मलाच माहीत. सासूशी बावीस वर्षं भांडले, पण ती नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणता येईना.

बाहेर आल्या. डोळे उघडले. मी वाकले आणि म्हटलं, "आई, मान उचला. मी पाच म्हणेपर्यंत."

मान उचलली. एक, दोन, तीन, चार, पाच. म्हटलं, झालं, ठेवा खाली. ठेवीनात. माझ्याकडे रोखून बघत होत्या. सहा, सात. शेजारच्या पलंगावरचा पेशंटही मोजायला लागला. अकरा झाल्यावर आपण होऊन मान टेकवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्यापुढे पाचात मान टाकू होय?"

मी तिथेच हसले आणि तिथेच रडले. रकान्यात अकरा लिहिलं.

२८ मार्च, शुक्रवार

मेट्रननी आज सुताराच्या चौकशीची फाइल बंद करायला दिली. आत तीन मार्चचा अहवाल होता, घुम्यांच्या अक्षरात, त्याच दुपारची वेळ घातलेला. 'रुग्ण जागा होता, ताकद नव्हती. वेदनेच्या इंजेक्शनचा संबंध दिसत नाही. सिस्टरमुळे वाचला. दोन्ही कागद एकत्र पाहणारं कुणीतरी हवं.'

मला असा संताप आला. पहिल्या दिवशीच माहीत होतं, तर सांगायला काय जात होतं? तीन आठवडे माझं रक्त आटलं. मेट्रनना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं असतं तर बैठकीत कुणी ऐकलं असतं का?" आणि गालातल्या गालात हसत निघून गेल्या. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. त्या यंत्राचा मालकही अजून सापडलेला नाही. घुम्यांना विचारलं तर म्हणाले, राहू दे तिथेच.

घरी सासूबाईंचं आता वेडच झालंय. सकाळी चहा घेऊन गेले की आधी मान उचलतात आणि म्हणतात, मोज.

आज संध्याकाळी नेहमीसारखे घुम्या दारात आले. नवा कागद माझ्या हातात होता, पांढरा, तळाशी नवा रकाना. मी कधी नव्हे ती खुर्चीतून उठून उभी राहिले.

"किती?"

"सगळ्यांची पाच, सर. आणि परवाची एकीची अकरा."

मास्कमुळे ते हसले की नाही ते कळलं नाही. पण जायच्या आधी ते क्षणभर थांबले आणि मला मान लववून गेले. मी माझी वरच ठेवली, चांगली पाच मोजेपर्यंत.